दोनशे चाळिसावा हूक

सोनकांबळे सरांना बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यांना खुर्ची होती, नाही असं नाही. पण तिच्यावर फायली बसायच्या. सर चहा उभ्यानं प्यायचे, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानंच खायचे, आणि फोन आला की शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या सुरू. ते मूळचे देवणीकडचे. "आमच्याकडचा बैल बी माझ्यापरीस जास्त टेकतो," असं स्वतःच म्हणायचे, आणि आपण हसेपर्यंत दुसऱ्या खोलीत पोचलेले असायचे.

लातूरच्या एमआयडीसीत एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. लॅब म्हणजे पत्र्याची दोन शेडं आणि एक ऑफिस. लोक सळया, बोल्ट, साखळ्या, पट्ट्या आणून द्यायचे. आम्ही त्या ओढून, वाकवून, तोडून बघायचो आणि रिपोर्ट द्यायचो. तोडायचं काम माझं आणि सरांचं. सही फक्त सरांची. मालक वरच्या मजल्यावर बसायचे आणि रिपोर्ट वेळेत गेला की खूश असायचे.

सरांच्या खिशात कायम दोन वस्तू असायच्या, एक भिंग आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. जगातली प्रत्येक लोखंडी वस्तू आपल्याकडे तपासायला आलेली आहे, अशी त्यांची समजूत होती. एस.टी.त चढले की सीट ज्या पट्टीवर बसवलेलं असतं तिचं वेल्डिंग आधी बघणार. हॉटेलात झोपाळा दिसला की कडीला हात लावणार. त्यांच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे वैताग होता, आणि हे मी प्रेमानं म्हणत नाहीये.

माझ्या बहिणीच्या बाळाच्या बारशाला मी त्यांना उमरीला, आमच्या गावी, बोलावलं, ही माझी चूक. पाळणा सजवलेला, बायका गाणं म्हणायला उभ्या, आत्या बाळाला घेऊन तयार, आणि सर पाळण्याखाली उताणे! भिंग लावून कडी बघत होते. "थांबा माय, जराक थांबा. हितं चीर हाय," खालून आवाज आला. आमची आई म्हणाली, "ह्यांना कुणी आणलं गं?" मी दुसरीकडे बघायला लागले. शेवटी सरांनी कडी काढायला लावली, दोर बांधायला लावला, मगच बाळाचं नाव ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी ती कडी मशीनवर ओढली. कडी चांगली दणकट निघाली. चीर म्हणजे नुसता रंगाचा ओरखडा होता. मला वाटलं, आता विषय बदलतील. तर सरांनी नवीन कडी घेतली, सोबत पेढ्यांचा पुडा दिला आणि म्हणाले, "तुझ्या आईला सांग, सोनकांबळे चुकला. खामखा बेजार केलं मी तुमाला."

चुकलो हा शब्द त्यांना जड जात नसे. हे मी तेव्हा ऐकलं आणि पेढ्यांबरोबर विसरून गेले.

कॉलेजची मुलंमुली लॅब बघायला आली की सरांना उधाण यायचं. "लोखंड तुटतं कामून?" हा पहिला प्रश्न. मुलं म्हणायची, लोड जास्त झाला म्हणून. मग सर बर्फाच्या पेटीतून गुळाचा खडा काढायचे. दुसरा तसलाच खडा उन्हात ठेवलेला असायचा. उन्हातल्यावर हातोडी मारली की तो दबायचा, पसरायचा. बर्फातल्यावर मारली की ताडकन तुकडे, आणि एखादा तुकडा मागच्या रांगेत.

"गूळ त्योच. हातोडी तीच. मंग बदललं काय?" मग स्वतःच उत्तर द्यायचे. "तुटायची रीत बदलली! चांगलं पोलाद तुटायच्या आधी वाकतं, ताणतं, माणसाला सांगतं की बाबा, मी चाललो, तू बाजूला हो. तेवढ्या वेळात ते तुमचा फटका स्वतःच्या अंगात जिरवतं. पण त्याच्यात घाण आसली, दाणा जाड आसला, अंगावर एखादी खाच आसली, आन् वरून थंडी पडली, की त्याला वाकायला जमत न्हाई. एक चीर निघती आन् आवाजाच्या वेगानं आरपार जाती. सावकाश ओढून बघाल तर ह्येच पोलाद लई शहाण्यावानी वागतंय. म्हणून ओढून इस्वास ठेवू नका. फटका मारून बघा."

फटका मारायचं मशीन हा त्यांचा जीव होता. इम्पॅक्ट मशीन. एक जड हातोडा दांड्याला टांगलेला. तो वर नेऊन अडकवायचा आणि सोडायचा. खाली आधारावर बोटभर लांबीचा चौकोनी तुकडा ठेवलेला असतो, मधोमध बारीक खाच पाडलेला. हातोडा झोका घेतो, तुकडा तोडतो आणि पलीकडे वर जातो. पोलादानं फटका जास्त जिरवला तर हातोडा पलीकडे थोडाच चढतो. ठिसूळ असेल तर तुकडा मध्ये होता हे हातोड्याला जाणवतही नाही. काट्यावर आकडा येतो. थंडीतली टेस्ट असेल तर तुकडा आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि बाहेर काढल्यापासून हातोडा सुटेपर्यंत पाच सेकंद. सहा नाही. सर तोंडानं मोजायचे. बर्फ समोरच्या रसवंतीतून यायचा.

आकडा लिहिला की सर तुटलेले दोन्ही अर्धे भिंगाखाली धरायचे. तुटलेली जागा मळकट, खरबरीत, कडा फुगलेल्या असल्या तर पोलाद झुंजून तुटलं. चकचकीत, सपाट, साखरेच्या दाण्यांसारखी चमकत असली तर झुंज दिलीच नाही. त्याला ते नुसतं 'दाणा' म्हणायचे. "आकडा काटा सांगतो. खरं काय ते दाणा सांगतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

अख्ख्या लातुरातल्या हूकवाल्यांत ही टेस्ट करून घेणारे एकटेच बिराजदार. ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली ज्यानं जोडतात तो जाड हूक त्यांच्या वर्कशॉपमध्ये तयार व्हायचा. बाकीचे हूकवाले ओढून बघण्यावर भागवायचे. बिराजदारांच्या मागे मात्र सर तीन वर्षं लागले होते. ऊस थंडीतच तुटतो, ट्रॉल्या पहाटे निघतात, दोन-दोन ट्रॉल्या एकामागं एक, रस्त्याला खड्डे, आणि भरल्या उसावर तोडणीची माणसं बसलेली. हूक तुटला तर मागची ट्रॉली उतारावरून माघारी येणार. बिराजदार शेवटी म्हणाले, "करा बाबा तुमची ती बर्फाची टेस्ट, पन माझं डोकं खाऊ नका." त्या सालच्या दोनशे चाळीस हुकांचा लॉट असा आमच्याकडे आला. प्रत्येक हुकावर 'बी' अक्षर आणि नंबर ठोकलेला.

टेस्टच्या दिवशी तुकडा ठेवायचं काम नेहमी सर करायचे. त्या दिवशी ऐन वेळी मालकांनी त्यांना वर बोलावलं. बर्फ वितळत होता. मी म्हटलं, मी करते. लॉटमधल्या एका हुकातून कापलेले तिन्ही तुकडे मी ठेवले, मीच हातोडा सोडला, आकडे लिहिले. लागतो त्यापेक्षा जेमतेम वर. सर धावत खाली आले, आकडे पाहिले, तुकडे भिंगाखाली धरले, जरा थांबले, आणि सही केली. हूक विकायला गेले.

नऊ दिवसांनी दुसऱ्या कुणाची तरी थंडीची टेस्ट होती. या वेळी सरांनी तुकडा ठेवायला मलाच सांगितलं आणि समोर उभे राहिले. मी बर्फाच्या पाण्यातून चिमट्यानं तुकडा काढला, डाव्या हातातल्या फडक्यात घेतला, नीट पुसला आणि आधारावर ठेवला.

"काय करून राहिलीस?"

"पुसतेय सर. पाणी गळून मशीनला गंज चढतो ना. तुम्हीच ओरडला होता मागं."

ओरडले होते, हे खरं होतं. आधारावर गंजाचा ठिपका दिसला म्हणून चांगले ओरडले होते. घरी धुतलेलं भांडं ओलं मांडणीवर ठेवलं तर आई जसं ओरडायची तसंच. म्हणून मी पुसायला लागले होते. हाताच्या उबेत, सुती फडक्यात, चांगले दहा-बारा सेकंद. तेवढ्यात तुकड्याची थंडी उतरायची.

सर त्या दिवशी ओरडले नाहीत. हळू आवाजात विचारलं, "बिराजदारचे तुकडे बी पुसले होतेस?"

"हो सर."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एका जागी उभं राहिलेलं पाहिलं. मग ते कपाटाकडे गेले. तपासलेल्या मालाचा उरलेला भाग आम्ही जपून ठेवायचो. त्यातला बिराजदारांचा उरलेला हूक काढला, त्याचे तीन नवे तुकडे कापून घेतले, खाच पाडली, बर्फात घातले. या वेळी सगळं त्यांनीच केलं. ओला तुकडा, थेट आधारावर, पाच सेकंदांच्या आत. हातोडा असा पलीकडे गेला की मला आवाजच वेगळा वाटला. तिन्ही वेळा. आकडा निम्म्यालाही पोचला नाही. तुटलेली जागा खिडकीशी धरली तर चमकत होती.

मी रडायला लागले. सर म्हणाले, "तू नको रडू माय. तू पुसलंस, त्यानं काय होतंय त्ये तुला ठावं नव्हतं. मला ठावं होतं. त्या दिवशी दाणा दिसला होता मला. निम्मी जागा चमकत होती. आकडा बसला म्हणून मी डोळे मिटले."

रिपोर्ट रद्द करायचा म्हटल्यावर मालक उखडले. लॅबवर पुन्हा कोण विश्वास ठेवील, असं म्हणाले. वरच्या खोलीतलं बोलणं खाली ऐकू येत होतं. "चूक कुणाची झाली ते सांगा," मालक विचारत होते. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होते. वर जाऊन सांगायला अकरा पायऱ्या होत्या. "सही माझी हाय," सर म्हणाले. "माझ्याच नावानं रद्द करतो. मंग तुमी मला ठेवा, न्हाईतर काढा." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मी वर गेले नाही. मी आजवर कुणालाही हे सांगितलेलं नाही. माझी नोकरी त्या अकरा पायऱ्यांमुळे राहिली आणि सरांची गेली.

ते तिथून थेट बिराजदारांच्या वर्कशॉपला गेले. मला म्हणाले, "बर्फ घे." रसवंतीतून पेटीभर बर्फ घेऊन मी मागोमाग निघाले. बिराजदारांनी ऐकून घेतलं आणि हातातला पाना जमिनीवर आपटला. "तुमच्याच सहीनं पास, तुमच्याच तोंडानं नापास? मी लोकास्नी काय सांगू?"

"हाव. दोन्ही बी माझंच," सर म्हणाले. "तुमी मला वाट्टंल ते बोला. आधी दोन हूक द्या."

हे हूक नव्या कच्च्या मालाचे नव्हते. त्याच लॉटमधले, विकायचे राहिलेले. सरांनी दोन्हींना करवतीनं सारखी खाच पाडली. एक उन्हात ठेवला. एक बर्फात. तासभर ते वर्कशॉपच्या दारात येरझारा घालत राहिले, कामगार हातातलं काम सोडून बघत राहिले. मग उन्हातला हूक शिकंज्यात धरून एका दांडग्या गड्यानं घणाचा घाव घातला. हूक वाकला. दुसरा घाव, आणखी वाकला. मग बर्फातला लावला. एकच घाव. हुकाचं डोकं उडून पत्र्यावर जाऊन आदळलं.

बिराजदारांनी तो तुकडा उचलला, तुटलेल्या जागेवर बोट फिरवलं. मग आत ओरडून म्हणाले, "जीप काढा रे. आन् गिऱ्हाइकांची वही आना."

पुढचे दोन महिने मी ऐकून आहे आणि थोडे पाहिलेही आहेत. नव्या पोलादाचे हूक करायला बिराजदारांनी भट्टी लावली, जुना आणून द्या आणि नवा न्या, असं सगळ्यांना कळवलं. पण ऐन हंगामात ट्रॉली कोण सोडणार? म्हणून सर रस्त्यावर उभे राहायचे. औसा, निलंगा, उदगीर, जिकडे पत्ता लागेल तिकडे, उजाडायच्या आधीच्या गारठ्यात, कानटोपी घालून, हातात टॉर्च आणि पान्यांची पिशवी. एका रविवारी मी गेले होते सोबत. एक ड्रायव्हर खाली उतरून अंगावर आला. "हूक काय तुझ्या बापाचा हाय काय? कारखान्यावर वजनाला नंबर हाय माझा, रांग जाईल!" सर शांतपणे म्हणाले, "वरल्या बायास्नी तेवढं खाली उतरवा. मंग जा तुमी खुशाल." ड्रायव्हरनं उसावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. तिघी बाया होत्या, एकीच्या मांडीवर पाण्याची कळशी. त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि स्वतःच पाना मागितला.

हंगाम संपेपर्यंत, आम्ही तोडलेले आणि न विकलेले धरून, दोनशे एकोणचाळीस हुकांचा हिशेब लागला. रस्त्यावर तुटलेला एकही नव्हता. बिराजदारांनी नारळ फोडला, सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सुटलो म्हना."

"एकशेसतरा नंबर राहिला," सर म्हणाले.

तो निलंग्याच्या एका माणसानं घेतला होता. त्यानं ट्रॉली विकली देगलूरकडे. तिथल्यानं ती नांदेडच्या बाजूला कुणाला तरी दिली. कुणाला, ते त्याला आठवत नव्हतं. बिराजदार म्हणाले, भंगारात गेला असेल. मीही तेच म्हणाले. सरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्यानंतर ते लातुरातून गेले. मुलीकडे राहतात, असं कुणी म्हणालं. फोन करायचं मी अनेकदा ठरवलं. नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे. काय बोलणार होते?

दोन वर्षांनी मीही लातूर सोडलं. आता नांदेडला नोकरी आणि उमरीला घर, रोज एस.टी.नं जाणंयेणं. गेल्या डिसेंबरात एका सकाळी मुदखेडचं रेल्वे गेट बंद मिळालं. खिडकीच्या काचेवर दव धरलं होतं. गेटसमोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, आमच्या बसच्या पुढे आणि मागेही. मी काच पुसली नसती तर बरं झालं असतं, असं एक क्षण वाटलं. रांगेच्या तोंडाशी एक उंच माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत वाकला होता. टॉर्च दातात धरली होती. स्क्रूड्रायव्हरनं हुकावरचा चिखल खरवडत होता. तो उठला, पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला, पुन्हा वाकला. ड्रायव्हर वरून काहीतरी बोलला. यानं नुसता हात वर केला.

केस पार पांढरे झाले होते. चाल तीच होती.

मी उठले. कंडक्टर म्हणाला, "बाई, कुठं उतरून राहिल्या? गेट उघडंल आता." मी उतरले. धावत गेले आणि त्यांच्याजवळ पोचले तेव्हा काय म्हणायचं ते सगळं विसरले. नुसतं "सर" म्हटलं.

त्यांनी टॉर्च दातातून काढली, माझ्याकडे पाहिलं. कशी आहेस नाही, कुठं असतेस नाही. जणू मी चहाला गेले होते आणि जरा उशिरा परतले होते.

"सर, त्या दिवशी वर येऊन मी सांगायला..."

"त्ये ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "गेट उघडायच्या आत व्हायला पायजे. तू मागून ये. मी हितून येतो."

मी रांगेच्या शेवटाकडे पळाले. मोबाईलचा उजेड लावला आणि वाकले. पहिल्या हुकावर नंबरच नव्हता. दुसऱ्यावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर होतं. तिसऱ्यावर ग्रीसचा थर इतका की नखांनी काढावा लागला; खाली काही नव्हतं. माझी बोटं गारठून गेली होती. वर उसावर माणसं गोधड्या पांघरून बसलेली होती, त्यातली एक म्हातारी मला विचारत होती, काय हरवलं गं बाई? तेवढ्यात गाडी धडधडत गेली. गेटचा दांडा वर जायला लागला, एकामागं एक ट्रॅक्टर सुरू झाले. आमच्या मध्ये अजून पाच ट्रॉल्या राहिल्या होत्या. धुरातून मला सर दिसले. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे होते, आणि न बघितलेल्यांतला पहिला ट्रॅक्टर हॉर्नवर हॉर्न देत होता.

माझी बस रस्त्याच्या कडेनं मला ओलांडून पुढे गेली. मी पुढच्या ट्रॅक्टरसमोर जाऊन हात आडवा केला.